श्रावणबाळची वाढ मेहेरबानीवर का?



‘युरोपात म्हातारी माणसं एकाकी, आपल्याकडे नातवंडांत रमलेली’ हे वाक्य ज्येष्ठांच्या मेळाव्यात हमखास टाळ्या घेते. मला ते पटत नाही. पन्नाशीपुढच्या युरोपीय लोकांची ‘शेअर’ ही पाहणी 2004 पासून चालू आहे. तीत डेन्मार्क, नेदरलँड्सचे वृद्ध आपल्या जगण्यावर अधिक खूश दिसतात. लेकरांच्या जवळ राहणारे इटली-ग्रीसचे मागे पडतात. कारणे अनेक असतील, पण हातातल्या पैशाचा भरवसा त्यांत मोठा. ग्रीसमध्ये 2010 नंतर पेन्शनला वारंवार कात्री लागली. नेदरलँड्समध्ये मात्र 1957 पासून रहिवाशांना वृद्धापकाळी पेन्शन आहे. मुलगा कमावतो का, हे तिथे कुणी विचारत नाही. रक्कम किमान वेतनाशी बांधलेली, त्यामुळे ती जानेवारीत आणि जुलैत वाढते.

एवढ्या लांब जायलाही नको. मी राहतो त्या राजस्थानात 2023 साली किमान उत्पन्न हमीचा कायदा झाला: वृद्धांना पेन्शन महिना किमान हजार रुपये आणि दरवर्षी 15 टक्के वाढ, जुलैत 5 व जानेवारीत 10. पुढे 1150 झाले, 2025 च्या अर्थसंकल्पात 1250. कायद्याच्या हिशेबाने हे थोडे कमीच, पण भांडायला कलम तरी आहे!

रक्कम तुटपुंजीच, हे मान्य. शिवाय दरवर्षी हयातीची पडताळणी असते. आमच्या कोपऱ्यावरच्या पडताळणी केंद्रात, भांडी घासून रेषा पुसट झालेला अंगठा यंत्र ओळखत नाही. आजीबाई तो पदराला पुसून पुन्हा पुन्हा टेकवतात. तरीही पैसे सुरू झाल्यापासून घरात आपल्याला विचारून भाजी येते, असे त्यांच्यातल्याच एकीने मला ऐकवले.

आता महाराष्ट्र पाहा. वृद्धांच्या पेन्शनसाठीच्या श्रावणबाळ योजनेत महिना 1500 रुपये, म्हणजे राजस्थानपेक्षा जास्त. पण हजाराचे दीड हजार 2023 मध्ये झाले ते सरकारच्या मनात आले म्हणून. पुढची वाढ कधी, ते कुठल्याच कायद्यात लिहिलेले नाही. पात्रतेला वार्षिक उत्पन्नाची अट आहे 21 हजारांची, म्हणजे महिना 1750! केंद्र सरकारची तर बातच सोडा: साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धांच्या पेन्शनमधला त्याचा वाटा वर्षानुवर्षे 200 रुपयांवरच अडला आहे.

आमदार-खासदारांना वाचकांनी एवढेच विचारावे: तुमच्या निवृत्तिवेतनात वाढ होते, तशी श्रावणबाळची वाढ कायद्यात कधी घालणार?

– एक मराठी वाचक, आदर्श नगर, जयपूर