मलकीसदेक कोणत्या मंडळीचा?

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या प्रार्थनासभांत साक्ष देण्याची एक रीत पडून गेली आहे. आजार होता, दारू होती, कर्ज होतं. प्रभूने हात धरून बाहेर काढलं. इथवरची साक्ष खरी असते, आणि ती ऐकताना माझेही डोळे भरून येतात. पण तिच्या शेपटाला बहुतेकदा आणखी एक वाक्य येतं: गावातले बाकीचे अजून अंधारात आहेत, देवाचा आशीर्वाद आमच्या चार घरांवरच उतरला. सभा ‘आमेन’ म्हणते. मला या दुसऱ्या वाक्याला ‘आमेन’ म्हणता येत नाही, आणि का म्हणता येत नाही ते शास्त्राच्याच आधाराने सांगायचं आहे.

जिवती तालुक्यात तर हे वाक्य अधिकच खुपतं. माणिकगडच्या डोंगरावर कोलामांचे पोड आहेत, गोंडांची गावं आहेत, परधान आहेत, 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून वर चढून आलेले बंजारा आणि बौद्ध आहेत. या डोंगररांगेच्या आदिलाबादकडच्या अंगाला 1940 च्या दशकात फ्युरर-हायमेनडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ राहिला. गोंडांवरचं त्याचं पुस्तक 1948 चं. त्याने नोंदवलेली एक गोष्ट मला ख्रिस्ती माणूस म्हणून फार मोलाची वाटते. गोंड म्हणजे राज्य केलेले लोक. चांद्याची, म्हणजे चंद्रपूरची, गादी त्यांची, किल्ले त्यांचे. कोलामांनी कधी राज्य केलं नाही. त्यांची भाषा वेगळी, सोयरीक वेगळी, घरात दाणे कमी. तरी या भूमीच्या देवतांपुढे उभं राहायचं झालं की गोंड कोलामाला बोलावत, त्याच्या हातून पूजा करवून घेत. कोलामाला ते पुजारीच म्हणत. या डोंगराशी आणि त्याच्या देवांशी त्याचं नातं आपल्याहून जुनं आहे, हे राज्यकर्त्यांच्या वंशजांनी मान्य केलं होतं.

आता उत्पत्तीचा चौदावा अध्याय उघडा. अब्राम लढाई जिंकून परततो आहे. देवाने त्याला बोलावलं आहे, वचन दिलं आहे. अशा माणसाला वाटेत शालेमचा राजा मलकीसदेक भेटतो, भाकर आणि द्राक्षारस आणतो, त्याला आशीर्वाद देतो. हा मलकीसदेक अब्रामाच्या कुळातला नव्हे. त्याला कोणी वचन दिल्याची नोंद नाही, त्याची वंशावळ नाही. आणि अब्राम काय करतो? त्याच्याकडून आशीर्वाद घेतो, लुटीचा दशांश त्याला देतो. इब्री लोकांस पत्राचा लेखक तर पुढे जाऊन सांगतो की आशीर्वाद देणारा घेणाऱ्याहून थोर असतो. म्हणजे ज्याच्यापासून आपल्या विश्वासाची परंपरा सुरू होते, तो आपला मूळपुरुष परक्या याजकासमोर धाकटा ठरला, आणि शास्त्राने ते लपवलं नाही.

आपण मात्र फक्त द्यायला निघालेलो असतो. आपल्याकडे कपडे आहेत, औषध आहे, शाळा आहे, सुवार्ता आहे. शेजाऱ्याकडे घेण्यासारखं काही असेल, हे मनातही येत नाही. देणाऱ्याला नम्र होणं तसं सोपं असतं. खरी कसोटी घेताना लागते.

यावर मला मिळणारं पहिलं उत्तर पेत्राचं असतं. येशूच्या नावावाचून तारण नाही, असं तो सभेपुढे निक्षून बोलला. मग तुमच्या या उदारपणाला जागा कुठे? पेत्र तसं बोलला आणि त्याने ते कधी मागे घेतलं नाही. मीही मागे घेत नाही. पण ते भाषण प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात आहे, आणि पुस्तक तिथे संपत नाही. दहाव्या अध्यायात हाच पेत्र याफोहून कैसरियाला कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी जातो. पेत्र पोचण्याआधीच देवदूताने कर्नेल्याला सांगितलेलं असतं की त्याच्या प्रार्थना आणि दानधर्म देवापर्यंत पोचले आहेत. पेत्राचं बोलणं संपायच्या आत पवित्र आत्मा त्या घरावर उतरतो. बाप्तिस्म्याचं पाणी नंतर येतं. सोबत आलेले यहूदी विश्वासणारे थक्क होतात. येशूच्या नावावरचा पेत्राचा भरवसा त्या घरात रतिभरही कमी झाला नाही. कमी झाली ती आपल्या लोकांची कड म्हणजेच देवाची कड, ही समजूत. आजही ज्यांना चौथा अध्याय तोंडपाठ आहे, त्यांनी दहावा सोडून का द्यावा?

दुसरं उत्तर जरा हुशारीचं असतं. पाऊस, पीक, लेकरंबाळं हे देवाचं सर्वसाधारण देणं; ते सगळ्यांना मिळतं, त्यात विशेष काय? ज्याने जिवतीचा उन्हाळा पाहिला आहे त्याने तरी पावसाला सर्वसाधारण म्हणू नये. डोंगरमाथ्यावर पाणी ठरत नाही, उतारावरून खाली निघून जातं. कापूस, तूर, सोयाबीन सगळं आभाळावर. मान्सून लांबला की देवळात, विहारात, गोंडांच्या पेनाच्या, म्हणजे देवाच्या, ठाण्यावर आणि आमच्या प्रार्थनाघरात एकाच काळजीने हात जोडले जातात. पौल लुस्त्रात गेला तेव्हा त्याच्यापुढचा जमाव शास्त्र जाणणारा नव्हता. त्या लोकांना त्याने सांगितलं की देवाने तुमच्यामध्ये स्वतःला साक्षीवाचून राहू दिलं नाही. पाऊस आणि फळांचे ऋतू त्याने दिले, अन्नाने आणि आनंदाने तुमची मनं भरली. पौलाच्या लेखी ती देवाची साक्ष होती. तिला दुय्यम ठरवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तिसऱ्या उत्तरात दुखावलेपण आहे, म्हणून त्याच्याशी मी सावकाश बोलतो. ‘धर्म बदललेल्या आदिवासींचं आरक्षण काढा, अशी मागणी होते आहे, आमच्याकडे संशयाने बघितलं जातं आहे. अशा वेळी दुसऱ्यांचे गोडवे गायचे म्हणजे घाबरून हात टेकणं.’ ही वेदना खरी आहे. पण नाझरेथच्या सभास्थानात येशू ज्यांच्यापुढे उभा होता तेही रोमी सत्तेखाली पिचलेलेच होते. त्यांच्यापुढे त्याने कोणती उदाहरणं काढली? दुष्काळात एलीयाला इस्राएलातल्या कोणा विधवेकडे न पाठवता सीदोनातल्या सारफथच्या विधवेकडे पाठवलं गेलं. इस्राएलात पुष्कळ कुष्ठरोगी असताना बरा झाला तो अरामी नामान. लोक इतके खवळले की त्याला कड्यावरून लोटायला निघाले. पिडलेल्या समाजालाही हे सत्य ऐकवायचं त्याने टाळलं नाही.

शेजाऱ्यावरचा आशीर्वाद ओळखणं आणि नाकारणं, दोन्ही आमच्याच इतिहासात आहे. स्टीफन हिस्लॉप नागपुरात 1845 पासून मिशनरी होते. बाप्तिस्मे मोजत बसण्यापेक्षा त्यांनी गोंडांचे भाट असलेल्या परधानाच्या तोंडून गोंडांच्या लिंगो या पुराणपुरुषाचं गीत उतरवून घेतलं. 1863 मध्ये ते बुडून गेले. ते कागद रिचर्ड टेंपलने 1866 मध्ये छापले. गोंडांचं हे गीत लिहून ठेवणारा पहिला माणूस एक स्कॉटिश पाद्री होता, याचा मला अभिमान वाटतो. याच्या उलट 1932 ची गोष्ट. तरुण धर्मगुरू वेरियर एल्विन मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांत राहायला गेला. नागपूरचे बिशप अलेक्स वूड यांनी त्याला परवाना दिला नाही. राजनिष्ठेच्या शपथेचा मुद्दा होता, गोंडांत धर्मप्रचार न करण्याचाही होता. वूड हे बिशप होण्याआधी चांद्यातच मिशनरी होते, या लोकांना ओळखत होते. म्हणून ही गोष्ट जास्त लागते. 1935 मध्ये एल्विनने चर्च सोडलं. त्याच्या पुढच्या सगळ्याच मतांशी मी सहमत नाही, पण ज्याला गोंडांमध्ये देवाचा चांगुलपणा दिसला त्याला आम्ही दार दाखवलं, हे नाकारता येत नाही.

नारायण वामन टिळक तर तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र बसणार होते. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार पांगला. आम्ही त्यांची गीतं दर रविवारी गातो, दरबाराची आठवण मात्र काढत नाही.

एक स्पष्ट सांगायला हवं. शेजाऱ्यावरचा आशीर्वाद ओळखायचा म्हणजे शेजारी करील ते सगळं चांगलं म्हणायचं, असं नव्हे. याच तालुक्यातल्या वणी (खुर्द) गावात ऑगस्ट 2021 मध्ये भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना बांधून मारलं गेलं. तिथे देव मार खाणाऱ्यांच्या बाजूला होता, एवढंच म्हणता येतं. तसंच, चांगल्या माणसाला ‘तो नकळत ख्रिस्तीच आहे’ म्हणून आपल्या खात्यावर जमा करण्याचीही मला चीड आहे. वरोऱ्याजवळ 1949 मध्ये आनंदवन उभं करणाऱ्या बाबा आमट्यांना आमच्या नोंदवहीत ओढायचं काही कारण नाही. ख्रिस्ताने ज्यांना स्पर्श केला त्यांना त्यांनीही स्पर्श केला, आणि आम्ही जवळ राहूनही मागे राहिलो, हे कबूल केलं की पुरे.

मग गावात वागायचं कसं? कोलाम शेजाऱ्याने नव्या धान्याचा नैवेद्य आणला तर ख्रिस्ती माणसाने तो खावा का, यावर मंडळ्यांत भांडणं होतात. पौलालाही करिंथात हाच प्रश्न सोडवावा लागला, आणि त्याने तो ज्याच्या त्याच्या विवेकावर आणि दुर्बळ भावाच्या काळजीवर सोपवला. ज्याला खाववत नाही त्याने हात जोडून नको म्हणावं. पण आणणाऱ्याचा हात अशुद्ध आहे, असं मानू नये. देवाने जे शुद्ध केलं त्याला अशुद्ध म्हणू नकोस, हे याफोच्या गच्चीवर पेत्राला ऐकावं लागलं होतं.

पाळकांना माझी एक मागणी आहे. पुढच्या वार्षिक सभेत साक्ष देणाऱ्या प्रत्येकाला आणखी एक गोष्ट विचारा: मंडळीबाहेरच्या कोणाकडून देवाने तुला काय दिलं? बाळंतपणात रात्रभर बसलेली बंजारा सुईण सांगू द्या. गडचांदूरच्या दवाखान्यापर्यंत भाडं न घेता जीप नेणारा मुसलमान चालक सांगू द्या. डोंगरावर पहिल्या वर्षी पाण्याचा झरा दाखवणारा कोलाम सांगू द्या. माणूस मंडळीचा नसला तरी त्याचं नाव घेऊन प्रभूचे आभार माना, आणि सभेला त्यावरही ‘आमेन’ म्हणू द्या.