मुळशीचा आराखडा मुळशीला विचारून करा

१९२१ च्या रामनवमीस मुळशी खोऱ्यातील मावळे टाटांच्या धरणावर सत्याग्रहाला बसले. मुंबईला वीज हवी होती. सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या सेवेस जुंपला आणि ज्यांची भातखाचरे बुडणार होती त्यांना विचारण्याचे कोणास कारण पडले नाही. सेनापती बापट तुरुंगात गेले, धरण उभे राहिले, त्याचे पाणी आजही कोकणात भिऱ्याला उतरते. परकीय राजवटीकडून दुसरे काय अपेक्षावे, असे म्हणून आपण तो अध्याय मिटवतो. तो खरोखर मिटला आहे काय?

२००८ साली ‘लवासा’साठी राज्य शासनाने एका खासगी कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. प्रकल्पक्षेत्रात काय बांधावे हे ठरविण्याचा अधिकार, ज्याला बांधायचे त्याच्याच हाती! २०१७ मध्ये हा दर्जा काढून घेतला गेला, हे योग्यच झाले. परंतु तो अधिकार गावांकडे परतला नाही. तो पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेला. मालक बदलला, गाव होते तेथेच राहिले.

२४ एप्रिल १९९३ रोजी ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय लिहिले गेले. मेख अशी की, ते विषय राज्य विधिमंडळ ‘देऊ शकेल’, ‘देईलच’ असे नाही. या एका शब्दाच्या आडोशाने सर्व पक्षांची सरकारे सुखाने नांदली.

परिणाम भूगाव-पिरंगुटच्या रस्त्यावर दिसतो. इमारतीला परवानगी प्राधिकरण देते, विकास शुल्क प्राधिकरण घेते. इमारत उभी राहते, कुटुंबे राहावयास येतात आणि नळाला पाणी नाही, गटार तुंबले, कचरा उचलला नाही, ही गाऱ्हाणी मात्र ग्रामपंचायतीच्या दारी येतात. घरपट्टीच्या बळावर तिने शहर पोसावे, अशी ही व्यवस्था आहे. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही गावे जून २०२१ मध्ये महापालिकेत गेली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेचीच मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक बसला. ना सरपंच, ना नगरसेवक! जिल्हा परिषदेचीही तीच गत झाली.

सरपंचच जमिनीचे दलाल झाले आहेत, त्यांच्या हाती नियोजन कसे द्यावे, असा प्रश्न पुण्यातील सुशिक्षित मंडळी विचारतात. आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. मुळशीच्या जमिनी मुळशीकरांनीही विकल्या आहेत. पण बिघडलेल्या सरपंचाला ग्रामसभेत उभे करून जाब विचारता येतो, त्याच्यावर अविश्वास ठराव आणता येतो. प्राधिकरणातील अधिकाऱ्याची बदली होते, इतकेच.

घटनेची याबाबतची तरतूद तर स्पष्ट आहे. महानगर नियोजन समितीचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निर्वाचित सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांच्यातून, त्यांनीच निवडलेले असावेत, असे ७४ वी दुरुस्ती सांगते. ही समिती डावलल्याच्या तक्रारीवरून प्राधिकरणाच्या आराखड्याचा वाद उच्च न्यायालयात गेला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला तो प्रारूप आराखडा हजारो हरकतींनंतर अखेर २०२५ मध्ये शासनाने रद्द केला. इतक्या वर्षांचा खटाटोप वाया गेला. आधीच विचारले असते तर!

आता नवा आराखडा करताना तरी ही समिती घटनेप्रमाणे कामास लावावी. विकास शुल्काचा निश्चित वाटा ज्या गावात बांधकाम होते त्या ग्रामपंचायतीस मिळावा, आणि पौडच्या पंचायत समितीत नगररचनेचे जाणकार नेमावेत, म्हणजे सरपंचाला नकाशा वाचून दाखविण्यास बिल्डरचा माणूस लागणार नाही. प्रत्येक गावाचा नकाशा मराठीत, गट क्रमांकांसह चावडीवर लागावा आणि ग्रामसभेचा ठराव झाल्यावाचून तो पुढे सरकू नये.