व्हिएन्ना की प्राग?

बडोद्याहून एका सद्गृहस्थांचे पत्र आले आहे. नुकतेच सेवानिवृत्त झालेले हे वाचक मे महिन्यात सपत्नीक जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे कन्येकडे जाणार आहेत. मुक्काम तीन आठवड्यांचा. त्यांपैकी चार रात्री उभयतांनी बाहेरगावी काढाव्यात अशी कन्येची व जावयांची इच्छा असून त्यासाठी दोन शहरे सुचविण्यात आली आहेत: ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना आणि चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग. दोन्हीकडे धावपळ करावयाची नाही असे ठरले आहे. तेव्हा कोणते तरी एकच नाव सांगावे, असा त्यांचा आग्रह आहे. पत्र चार पानी आहे. त्यात हॉटेलांच्या दरांचे तक्ते आखले आहेत, प्रेक्षणीय स्थळांची यादी केली आहे, आणि या साऱ्याचा कल प्रागकडे आहे हे दुसऱ्या पानावरच ध्यानी येते. चौथ्या पानाच्या तळाशी मात्र निराळ्या अक्षरातील दोन ओळी आहेत. ‘कोठेही गेलो तरी मधून मधून बसायला मिळावे, एवढे पाहावे. गुडघे पूर्वीसारखे राहिले नाहीत.’

या सदराकडे प्रवासाविषयी पत्रे वरचेवर येतात. पण त्या दोन ओळींनी मला उत्तराविषयी बराच वेळ विचार करावयास लावले, हे प्रांजळपणे सांगते.

प्रथम प्रागविषयी. त्या गृहस्थांची निवड मुळीच चुकीची नाही. युरोपातील इतक्या जुन्या राजधान्यांपैकी दुसऱ्या महायुद्धात फारशी पडझड न झालेल्या ज्या मोजक्या राहिल्या, त्यांत प्राग येते. त्यामुळे सहाशे-सातशे वर्षांचा कालखंड तेथे एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी उभा दिसतो. व्ल्टाव्हा नदीवरील जुना पूल १३४२ च्या पुरात वाहून गेला; त्याच्या जागी सम्राट चौथा चार्ल्स याने १३५७ मध्ये नव्या दगडी पुलाचा पाया घातला. सोळा कमानींचा, ५१६ मीटर लांबीचा हा चार्ल्स पूल आजही उभा आहे आणि त्यावरून केवळ पायीच जावे लागते. दोन्ही कठड्यांवर संतांचे तीस पुतळे आहेत. त्यांतील कित्येक आता प्रतिकृती आहेत, मूळ पुतळे संग्रहालयात नेऊन ठेवले आहेत. पण सकाळी सहाच्या सुमारास, नदीवर धुके असताना, हा फरक कोणाला सुचणार! त्याच चार्ल्सने १३४८ मध्ये विद्यापीठ स्थापन केले. जुन्या नगरचौकातील खगोलीय घड्याळ १४१० चे. तासाचा ठोका पडण्याच्या वेळी त्यावरील सांगाडा घंटा वाजवतो आणि खिडक्यांतून बारा प्रेषितांची मिरवणूक निघते. हा सोहळा मिनिटभरात आटोपतो आणि खाली जमलेली गर्दी किंचित हिरमुसून पांगते, हेही सांगून ठेवावयास हवे.

टेकडीवरचा किल्ला हे या शहराचे मुकुटस्थान. त्याच्या आवारातील संत व्हिटस कॅथीड्रलचे बांधकाम १३४४ मध्ये सुरू झाले आणि पूर्ण झाले ते १९२९ मध्ये. आपल्याकडील एखादे सार्वजनिक बांधकाम रखडले म्हणून आपण त्रागा करतो तेव्हा मला हटकून या देवळाची आठवण होते. ज्यू वस्तीतील पिंकस प्रार्थनागृहाच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या सत्तर हजारांहून अधिक चेक ज्यूंची नावे ओळीने लिहिलेली आहेत. तेथून बाहेर पडल्यावर कोणी फारसे बोलत नाही. भारतीयांना जवळचे वाटावे असेही या शहरात काही आहे. रवींद्रनाथ ठाकूर १९२१ व १९२६ मध्ये येथे आले होते. त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि तेथे त्यांचा अर्धपुतळाही आहे. व्हेन्सेस्लास चौकात १९२० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिलेली काचेच्या दर्शनी भागाची बाटा कंपनीची इमारत दिसते. ज्या नावाच्या वहाणा आपण लहानपणापासून शाळेच्या गणवेशाबरोबर घेत आलो, ते नाव मूळचे चेक आहे, हे घरातील कितीजणांना ठाऊक असते?

परंतु वहाणांचा विषय निघालाच आहे तर प्रागच्या रस्त्यांविषयीही बोलले पाहिजे. जुन्या शहरातील रस्ते व पदपथही दगडी ठोकळ्यांचे आहेत. चित्रात ते मनोहर दिसतात. पायाला मात्र प्रत्येक ठोकळा वेगळा लागतो. शहर चढ-उतारांचे. भुयारी रेल्वे उत्तम आहे, पण खोल आहे. नामेस्ती मिरू या स्थानकातील सरकता जिना ८७ मीटर लांब आहे, आणि प्रागचे सरकते जिने आपल्या सवयीपेक्षा वेगाने धावतात. पाऊल टाकण्याचा क्षण नेमका साधावा लागतो.

काही वर्षांपूर्वी मी आईला घेऊन या शहरात गेले होते. तिचे वय तेव्हा अडुसष्ट होते. मीही तक्ते केले होते. किल्ल्यावर जाण्यासाठी नेरुदोव्हा नावाचा चढाचा रस्ता घ्यावा, त्याच्या दुतर्फा जुन्या घरांवर घरक्रमांकांच्या आधीच्या काळातील खुणेची चित्रे आहेत, एका घरावर तीन सारंग्या, दुसऱ्यावर दोन सूर्य, असे मी वाचले होते आणि आईला ते दाखवायचे होते. तीन सारंग्यांपर्यंत ती आली. नंतर एका घराच्या पायरीवर टेकून म्हणाली, ‘तू ये जाऊन. मी इथेच बरी आहे.’ मी गेले. दीड तासाने परतले तेव्हा ती तशीच बसलेली होती. हातात पाण्याची रिकामी बाटली. मी कॅथीड्रलचे वर्णन केले, तिने कौतुकाने ऐकले, आणि रात्री गुडघ्याला तेल चोळताना सहज विचारले, ‘त्या देवळात बसायला बाकं होती का गं?’ बाकं होती. बावीस क्रमांकाची ट्रॅम थेट वर किल्ल्यापाशी जाते, हे मला दुसऱ्या दिवशी हॉटेलातील मुलीने सांगितले. ते मी आधी विचारले नव्हते. एका रस्त्याच्या हौसेपायी आईचा किल्ला राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघण्याची तिची तयारी नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी आमची गाडी होती.

ती गाडी व्हिएन्नाची होती. प्रागहून तेथवर सुमारे चार तास लागतात. वाटेत ब्रनो लागते. तेथील मठाच्या बागेत मेंडेल यांनी वाटाण्यांच्या वेलींवर आनुवंशिकतेचे प्रयोग केले होते. खिडकीतून मठ दिसत नाही, पण मुलांना सांगण्यासारखी गोष्ट मिळते.

व्हिएन्ना हे बसून पाहण्याचे शहर आहे. हे काही मी गमतीने म्हणत नाही. १६८३ मध्ये तुर्कांचा वेढा ज्या तटामुळे थोपला, तो तट पाडण्याची आज्ञा सम्राट फ्रान्झ योझेफ याने १८५७ च्या डिसेंबरात काढली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर शहराभोवती कंकणासारखा रुंद रस्ता बांधला. हाच रिंगस्ट्रासे, १८६५ च्या १ मे रोजी तो खुला झाला. संसदगृह, विद्यापीठ, नगरभवन, ऑपेरागृह, दोन भव्य संग्रहालये, सारे या रस्त्याच्या कडेला मांडून ठेवल्यासारखे आहे. ट्रॅममध्ये खिडकीशी बसावे, मध्ये एकदा गाडी बदलावी, आणि तासाभरात एका साम्राज्याचा ताठा डोळ्यांखालून घालावा. रस्त्याला लागून बागा आहेत, बागांत बाके आहेत. भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर उद्वाहक आहेत. नळाचे पाणी आल्प्स पर्वतातील झऱ्यांवरून येते, १८७३ पासून. ते निर्धास्तपणे प्यावे. बाटल्या विकत घेण्याची गरज नाही.

आणि येथील कॉफीगृहे! एक पेला कॉफी मागवावी. धातूच्या छोट्या तबकात तिच्याबरोबर पाण्याचा ग्लास येतो. मग दोन तास बसले तरी कोणी उठा म्हणत नाही. ऑस्ट्रियाने २०११ मध्ये या कॉफीगृहांच्या संस्कृतीला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आई त्या एका कॉफीगृहात जवळजवळ अडीच तास बसली होती. समोरच्या टेबलावरील एक वृद्ध बाई लाकडी दांड्याला अडकवलेले वर्तमानपत्र वाचत होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण निघताना त्या बाईंनी आईच्या लुगड्याच्या काठाला हात लावून पाहिला आणि मान डोलावली. आमच्या प्रवासातील कोणत्या गोष्टीची आठवण आईने अधिक वेळा काढली असेल, तर ती याची.

संगीत हे व्हिएन्नाचे खरे वैभव. बेथोव्हनची नववी सिंफनी १८२४ मध्ये प्रथम ऐकली गेली ती येथेच. राष्ट्रीय ऑपेरागृह १८६९ मध्ये उघडले, १९४५ च्या मार्चमध्ये बाँबहल्ल्यात जळाले, आणि १९५५ च्या नोव्हेंबरात पुन्हा उभे राहिले. तेथे उभ्याने पाहण्याची तिकिटे अगदी स्वस्तात मिळतात, हे बडोद्याच्या आपल्या वाचकांनी तक्त्यात हौसेने नोंदवले आहे. त्यांनी ती खुशाल घ्यावीत, परंतु एकच. दुसरे तिकीट बसण्याचे काढावे. जुलै-ऑगस्टमध्ये हे ऑपेरागृह बंद असते. मे महिन्यात ती अडचण नाही.

शोनब्रुन राजवाड्यासाठी एक सकाळ राखून ठेवावी. सहा वर्षांच्या मोत्सार्टने १७६२ मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेसा हिच्यासमोर वादन केले ते येथेच. तथापि भारतीय पाहुण्याने येथे मुद्दाम पाहावे असे एक दालन आहे. त्याच्या जर्मन नावाचे शब्दशः मराठी करावयाचे तर ‘दशलक्ष-दालन’ असे होईल. मौल्यवान लाकडाने मढवलेल्या त्याच्या भिंतींत सोनेरी वेलबुट्टीच्या चौकटी आहेत आणि त्या चौकटींत मोगल दरबाराची लघुचित्रे बसविलेली आहेत. चौकटींचे आकार वेडेवाकडे. त्यांत चित्रे मावेनात म्हणून राजकुटुंबातील मंडळींनी ती कापली, आणि तुकडे जुळवून नवीच चित्रे केली. कोठला तरी शहजादा, कोठली तरी बाग, तिसऱ्याच चित्रातील हत्ती! पाहून राग यावा की हसू, हे मला ठरवता आले नाही. तिकीट काढताना हे दालन आपल्या फेरीत येते की नाही, तेवढे विचारून घ्यावे.

मराठी वाचकाला या शहराशी जोडणारा एक धागा अधिक जुना आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात १८६३ पासून प्राच्यभाषा शिकविणारे संस्कृत पंडित गेओर्ग ब्यूलर १८८० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले. मनुस्मृतीचे त्यांचे इंग्रजी भाषांतर १८८६ मध्ये प्रसिद्ध झाले. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारखीला त्या विद्यापीठावरून ट्रॅम जाताना मान लववावीशी वाटली. सुभाषबाबूंनी ‘द इंडियन स्ट्रगल’ हे पुस्तक लिहिले तेही मुख्यतः याच शहरात. ते १९३५ मध्ये प्रकाशित झाले.

खर्चाविषयी फार लिहीत नाही. प्रागमध्ये जेवण व राहणे सामान्यतः स्वस्त पडते, हा तक्त्यांचा निष्कर्ष बरोबर आहे. चलन मात्र वेगळे, कोरुना. रस्त्यावरील दुकानांतून पैसे बदलताना दर नीट विचारून घ्यावा. व्हिएन्नात युरोच चालतो, जर्मनीतून नेलेले पैसे तसेच वापरता येतात. व्हिसाची चिंता नको. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात आहेत. मुक्काम मुख्यत्वे जर्मनीत असल्याने जर्मन व्हिसावर दोन्हीकडे जाता येईल. न्यूरेंबर्गहून व्हिएन्नाला थेट आगगाडीने सुमारे पाच तास लागतात. प्रागला बसने त्याहून थोडे कमी. शाकाहारी मंडळींची प्रागमध्ये थोडी ओढाताण होते, तळलेल्या चीजवर किती दिवस काढणार? व्हिएन्नात निवड अधिक आहे. सफरचंदाच्या सारणाची स्ट्रूडेल कोठेही मिळते.

तेव्हा उत्तर व्हिएन्ना. पंचविशीत विचारले असते तर मी क्षणाचाही विलंब न लावता प्राग म्हटले असते, आणि कन्या व जावई दोघेच निघाले असतील तर आजही म्हणेन. पण पत्राखाली सह्या दोन आहेत. चार दिवसांपैकी एक शोनब्रुनला, एक कलासंग्रहालयाला द्यावा. तेथे ब्रॉयगेलची हिमातून परतणाऱ्या शिकाऱ्यांची १५६५ ची चित्रकृती आहे. त्या दालनात बसावयास जागा आहे, आणि ते चित्र बसूनच पाहावे. उरलेले दोन दिवस मोकळे ठेवावेत. संत स्टीफन कॅथीड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत. ज्यांना भराभर चालण्याची हौस आहे त्यांनी त्या खुशाल चढाव्यात. खाली चौकातच कॉफीगृहे आहेत.

एवढे सांगूनही प्रागच ठरले, तर त्याविषयी माझी तक्रार नाही. किल्ल्यावर मात्र बावीस क्रमांकाच्या ट्रॅमने जावे, वरून खाली उतरत यावे, आणि नेरुदोव्हा रस्त्यावरील तीन सारंग्या त्या उताराच्या वाटेवर पाहाव्यात.

पत्रात शेवटी विचारले आहे की, मे महिन्यात पाऊस असतो काय आणि छत्री एक पुरेल की दोन न्याव्या लागतील. पाऊस दोन्ही शहरांत येतो. छत्र्या दोन न्याव्यात.