बोटींचं स्टँड

मध्यंतरी गावी, राणीसावरगावला गेलो होतो. ओसरीवर बसून काकांना फोनमधले फोटो दाखवत होतो. मित्राची तीस फुटी शिडाची बोट, मुंबई ते जयगड आणि परत, आठ दिवस. काकांनी जंजिऱ्याचा फोटो दोनदा पाहिला आणि शेवटच्या फोटोवर अडकले. त्यात मी अंधारात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, सॅक डोक्यावर धरून गेटवेच्या शेवाळलेल्या पायरीवर एक पाय टाकतोय.

"हे काय रे? बुडली का बोट?"

"नाही काका, पोचलो तेव्हाचा आहे. मुंबईत मरीना नाही ना."

"मरीना मद्रासला हाय की."

(तो बीच. पण मुंबईतल्या माझ्या अर्ध्या ऑफिसनेही हेच उत्तर दिलं होतं.) मी समजावलं, मरीना म्हणजे बोटींचं स्टँड. ठरलेल्या जागी बोट बांधायची आणि सरळ चालत उतरायचं. नळ, डिझेल, संडास, सगळं तिथेच.

"मंग मुंबईला स्टँड कामून न्हाई? आपल्या गंगाखेडला हाय."

तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता जरा चिडून लिहितोय.

मुरुडहून पहाटे चारला निघालो होतो. मुंबई तिथून साधारण चाळीस सागरी मैल. पौर्णिमा आदल्याच दिवशी झालेली, त्यामुळे कोळ्यांच्या जाळ्यांची तरंगती पिंपं चांदण्यात दिसत होती. शाळेत भूगोलात घोकलेले मतलई वारे खरोखरच असतात मंडळी, सकाळपर्यंत त्यांनी मस्त नेलं. दुपारी खारा वारा सुरू झाला, तो नेमका वायव्येकडून, म्हणजे आमच्या नाकावर. मग नागमोडी चाल. खांदेरीचं दीपगृह तासभर जागचं हलेना. संध्याकाळी प्राँग्ज दीपगृह मागे पडलं, ताजचा घुमट दिसला आणि घरी आल्यासारखं वाटलं. नांगर टाकला, शिडं गुंडाळली. किनारा शे-दोनशे मीटरवर. आणि तिथे पोचायला दीड तास!

कारण साधं आहे. मुंबईच्या समुद्राची पातळी अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त वरखाली होते. दगडी पायऱ्या काही पाण्याबरोबर खाली येत नाहीत. तरंगता धक्का येतो. खुंटांना कड्या, कड्यांना पाण्यावर तरंगणारा फलाट. भरती असो, ओहोटी असो, बोट आणि फलाट एकाच पातळीवर. यात रॉकेट सायन्स काहीही नाही. आमची गळती इथेच होते: एक लहान होडी शोधा, तिच्या मालकाशी घासाघीस करा, मग लाटेचा अंदाज घेऊन उडी मारा. वर रखवालदाराने विचारलं, कुठून आलात? जयगडहून, म्हटलं. "कुठल्या गाडीने?"

हे बोललं की पहिला हल्ला ठरलेला असतो. मराठवाड्यात शेतकरी मरतोय आणि तुम्हाला बोटी लावायला जागा पाहिजे! हे मला सुनावणारे बहुतेक जण परभणी नकाशात दाखवू शकत नाहीत. मी तिथला आहे. आमच्या शिवारातलं पाणी गोदावरीतून पार बंगालच्या उपसागराला जातं, अरबी समुद्राशी आमचा तेवढाही संबंध नाही. पण गेटवेला नळ बसवला नाही म्हणून आमच्या विहिरीला पाणी आलंय असं काही दिसलं नाही बुवा. आमचं दुःख दुसऱ्याच्या फाइलवर पेपरवेट म्हणून ठेवू नका, एवढीच विनंती.

दुसरा हल्ला सुरक्षेचा. २००८ साली अतिरेकी समुद्रातूनच आले, खरं आहे. म्हणूनच तर प्रत्येक खासगी बोटीने ठरावीक धक्क्यावर लागून नोंद करावी, असा धक्का हवा. आज कोण कुठे उतरतं हे कुणालाच नीट कळत नाही, आणि याला आपण खबरदारी म्हणतो.

खरा राग मात्र आपल्या बाजूच्यांवर. मुंबईत मरीनाच्या घोषणा कित्येक वर्षं होताहेत, पण चित्रात बघा: हॉटेल, मॉल, कन्व्हेन्शन सेंटर, आणि कोपऱ्यात चार पांढऱ्या याट. हे बिल्डरचं मरीना. मला हवंय एसटीचं. कोचीला बोलगट्टी बेटावर केरळच्या पर्यटन महामंडळाने असं एक छोटंसं उभं केलंय. मग आरमाराचा वारसा सांगणारे आपणच मागे कसे? २०१६च्या डिसेंबरात अरबी समुद्रात शिवस्मारकाचं जलपूजन झालं, आकडा ३,६०० कोटींचा होता. स्मारक अजून उभं नाही. त्या आकड्याच्या शेपटातल्या चिल्लरमध्ये तरंगता धक्का झाला असता. कान्होजी आंग्र्यांना काय आवडलं असतं, हे मी सांगत बसत नाही.

आणि इथे माणसं नाहीत म्हणावं, तर तेही खोटं. दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले ते मुंबईहून, ऑगस्ट २००९ मध्ये. चार बंदरं घेऊन मे २०१०ला परतले ते मुंबईलाच. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधली. अभिलाष टॉमी त्याच बोटीने २०१२-१३मध्ये कुठेही न थांबता जाऊन मुंबईलाच आले. नौदलाची बोट, पाठीशी नौदल. पण ज्या पोराला गणवेश नाही आणि बापाकडे क्लबची मेंबरशिप नाही, त्याने शिडाच्या दोरीला पहिल्यांदा हात कुठे लावायचा? कोळ्याचं पोर निदान वाड्यातून शिकतं. परभणीच्या पोराने काय करावं? मी तरी एका मित्राच्या मेहेरबानीवर शिकलो, आणि तो मित्र भेटला एका कंटाळवाण्या प्रोजेक्टवर. असो.

काकांना पुढच्या हिवाळ्यात यायचंय. गुडघे दुखतात, त्यामुळे ओहोटीत त्यांना उतरवणं शक्य नाही. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत भरती बाराच्या सुमारास असते, तेव्हा वरच्या पायऱ्यांपर्यंत पाणी येतं. पंचांग घेऊन तसा शनिवार शोधतोय.