ग्रंथपालाला शिकायचे असते तरी काय?

गेल्या वैशाखात एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी मला विचारले, "आपण नोकरी कुठे केलीत?" मी म्हटले, "तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयात. ग्रंथपाल होतो." "वा! म्हणजे जन्मभर नुसते वाचन!" असे म्हणून ते मठ्ठ्याकडे वळले. पण त्यांच्या मनातून विषय गेला नसावा. जरा वेळाने म्हणाले, "माझी भाची याच विषयाची पदवी घेते आहे म्हणे. पुस्तक काढून द्यायचे आणि परत आले की ठेवायचे, यात शिकायचे असते तरी काय हो?"

तेवढ्यात जिलबी आली, आणि जिलबीसमोर वाद घालण्याची माझी पद्धत नाही. पण हा प्रश्न मला पन्नास वर्षांपूर्वी स्वतःलाच पडला होता. म्हणून त्या गृहस्थांचे राहिलेले उत्तर या दिवाळीत आपल्या सदरात देऊन टाकतो.

मी १९७६ साली वाचनालयात मदतनीस म्हणून चिकटलो, तेव्हा तिथे अण्णांचे राज्य होते. सहा हजार पुस्तके, अकरा कपाटे आणि किल्ल्यांचा जुडगा अण्णांच्या कमरेला. पुस्तके आली त्या क्रमाने कपाटात बसवलेली. ज्ञानेश्वरीशेजारी कोंबडीपालन, त्याच्या शेजारी गडकऱ्यांचे नाटक. यादी म्हणून जी वही होती तिची पहिली चाळीस पाने कसरीने खाल्लेली. पण अडत कुणाचेच नसे. वाचकाने नाव उच्चारायचा अवकाश, अण्णा म्हणत, "तिसरे कपाट, खालून दुसरा कप्पा, पाठ फाटली आहे तेच." नाव आठवत नसेल तरी चाले. "ते हो, ज्यात मुलगी आगगाडीतून उतरते आणि परत जात नाही," एवढ्यावर अण्णांनी कादंबरी काढून दिलेली मी पाहिली आहे.

अशा माणसाच्या हाताखाली असताना मला १९७९ साली जिल्ह्याच्या गावी ग्रंथालय-शिक्षणाच्या वर्गाला पाठवले ते काही विद्येच्या प्रेमाने नव्हे. राज्याचा ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. त्याच्या आधारे वाचनालयांची प्रतवारी होऊन अनुदान मिळते. शिकलेला माणूस असला तर आपली प्रत चढते, असे कार्यवाहांच्या कानी आले होते. अण्णा जायचे नाहीत, म्हणून मी. दर शनिवारी दुपारी एस. टी.ने जायचे आणि रविवारी रात्री परतायचे. एका शाळेच्या ड्रॉइंग हॉलमध्ये आम्ही पंचवीस जण बसत असू. निम्मे माझ्यासारखे, मनातून कुरकुरणारे.

शिकवणारे गुरुजी एका महाविद्यालयाचे ग्रंथपाल. त्यांनी पहिल्याच दिवशी आमची कुरकुर ओळखली आणि रंगनाथनांची गोष्ट सांगितली. रंगनाथन मद्रासला गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत इतके कंटाळले की, मला परत कॉलेजात घ्या म्हणून मागे गेले. तिथे त्यांना सांगण्यात आले, आधी विलायतेत जाऊन हे शास्त्र शिकून या, मग कंटाळा आला तर पाहू. ते लंडनला गेले, तिथली ग्रंथालये हिंडून पाहिली. खेळण्यांच्या दुकानात तुकडे जोडून निरनिराळी यंत्रे बनवण्याचा एक संच त्यांच्या दृष्टीस पडला, आणि विषयांचेही असेच तुकडे जोडता येतील, हे त्यांच्या मनात आले. त्यातून त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती निघाली आणि १९३३ साली छापली गेली. परत आल्यावर गणिताकडे जाण्याचे नाव त्यांनी काढले नाही. उलट १९२९ सालापासून मद्रासेत ग्रंथपालांचे वर्ग सुरू झाले, त्यांचे ते प्राण होते.

गुरुजींना त्याहून लाडकी गोष्ट बडोद्याची. सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. दत्तक जाईपर्यंत अक्षरओळख नव्हती. पुढे त्यांनी अमेरिकेतली ग्रंथालये पाहिली आणि १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणले. राज्यभर वाचनालये उघडायची तर ती चालवणारी माणसे कुठून आणायची? म्हणून १९११ साली तिथे शिकवण्याचा वर्ग निघाला, आणि हिंदुस्थानातला असा तो पहिला. खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तके जाऊ लागली तीही त्याच सुमारास. गुरुजी म्हणत, ज्याला उशिरा अक्षर भेटले, त्याला ही निकड आधी कळली.

मग सुरू झाला खरा अभ्यास, आणि तो मात्र रुक्ष होता. खोटे कशाला बोलू? अमेरिकेच्या मेल्व्हिल ड्यूईने १८७६ साली सगळे ज्ञान दहा भागांत वाटले. त्यात धर्माला दोनशेचे आकडे, आणि त्यातले बहुतेक ख्रिस्ती धर्मानेच अडवलेले. आमच्या हिंदू धर्माला कोपऱ्यात २९४.५ एवढी जागा. मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३. म्हणजे आपले सारे साहित्य एका दशांश चिन्हाच्या पलीकडे! मी रागाने बोललो तेव्हा गुरुजी हसून म्हणाले, "घर लहान आहे, पण पत्ता नक्की आहे. पत्ता नसलेल्या मोठ्या घराचा काय उपयोग?"

त्या दिवशी डोक्यात उजेड पडला तो टोपणनावांच्या धड्याने. राम गणेश गडकरी नाटकात गडकरी, कवितेत गोविंदाग्रज आणि विनोदात बाळकराम. कादंबरीचे खानोलकर कवितेत आरती प्रभू. वाचक कुठल्या नावाने येईल याचा नेम नाही. म्हणून एका नावाखाली सगळे आणायचे आणि बाकीच्या प्रत्येक नावाचे एकेक कार्ड करून त्यावर लिहायचे, 'अमुक पाहा'. हे 'पाहा' म्हणजे अण्णाच की! अण्णा तोंडाने सांगत तेच हे कार्ड मुक्याने सांगणार, आणि अण्णा जेवायला गेले असतानाही सांगणार.

परत आलो आणि अडीच वर्षे खपून सहा हजार पुस्तकांची कार्डे लिहिली. लेखकाचे एक, नावाचे एक, विषयाचे एक. अण्णा लांबून पाहत. एकदा म्हणाले, "घाल बाबा, माझे डोके खणात घाल." मी हसलो. ते हसले नव्हते, हे माझ्या उशिरा ध्यानात आले.

पुढे त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. दीड महिना ते घरी होते. आल्यावर पहिला प्रश्न, "कुणाचे काही अडले का रे?" मी छाती फुगवून म्हटले, "नाही अण्णा, एकाचेही नाही." ते खुर्चीवर बसले. बराच वेळ किल्ल्यांशी चाळा करीत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी आता नसलो तरी चालेल." माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. चांगल्या शिक्षणाने माणसाला दुखवता येते, हे त्या वर्गात कुणी सांगितले नव्हते.

त्याच पावसाळ्यात एक बाई आल्या. मुलगा मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसला होता आणि पुन्हा नापास झाला होता. घरात कुणाशी बोलत नव्हता. "त्याला वाचायला काही द्या," म्हणाल्या. मी सवयीने खणापाशी गेलो आणि तिथेच थांबलो. याचा आकडा काय? नापासाला ड्यूईने आकडा दिलेला नाही. अण्णा उठले आणि गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' घेऊन आले. मी ते पुस्तक इतिहासात घातले होते, सत्तावन सालचे म्हणून. अण्णा बाईंना म्हणाले, "वरसईचा गरीब भिक्षुक. घरचे कर्ज फेडायला उत्तरेत गेला. पुन्हा पुन्हा लुटला गेला, झाशीच्या वेढ्यात सापडला, पैसा काही हाती राहिला नाही. पण गंगेची कावड घेऊन घरी परत आला. वाचू दे त्याला." त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगण्याचा मला अधिकार नाही. पुस्तक परत आले आणि दुसरे मागितले गेले, एवढे वाचनालयाच्या वहीत आहे.

त्या रात्री मी गोडशांचे कार्ड काढले. समोरच्या बाजूला आकडा, लेखक, साल, पाने, सारे शास्त्रोक्त. मी ते उलटे केले आणि पाठीवर पेन्सिलीने लिहिले, 'नापास झालेल्या मुलाला द्यावे. अण्णा.' दुसऱ्या दिवशी अण्णांना म्हटले, "आता तुम्ही सांगा, मी लिहितो." पुढची सहा वर्षे, ते जाईपर्यंत, संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरले की आमचे हे काम चाले. 'म्हाताऱ्यांना अक्षर बारीक पडते, देऊ नये.' 'पहिली तीस पाने कंटाळवाणी, तसे आधी सांगावे.' 'बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुली मागतात.' सगळ्या पुस्तकांचे झाले नाही. सातआठशे कार्डांचे झाले असेल.

आता वाचनालयात संगणक आला आहे आणि माझ्या जागी एक मुलगी आहे. ग्रंथालयशास्त्राची पदवी तिने कामे करून पुरी केली. तिला मिळणारा पगार मी इथे छापत नाही. दिवाळीच्या अंकात बरे दिसणार नाही. अनुदान वाढले की वाढेल, असे मलाही सांगत असत. त्या लग्नातल्या गृहस्थांनी भाचीच्या शिक्षणाची चिंता करण्याऐवजी तिच्या पगाराची केली असती, तर मी जिलबी बाजूला ठेवून बोललो असतो.

ही मुलगी कार्डे पाहून सगळी नोंद संगणकात भरते आहे. भरून झाली की कार्डे रद्दीत द्यायची, असा समितीचा ठराव आहे. ठराव चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. जागा कुणाला नको आहे? गेल्या महिन्यात मी सहज गेलो तर तिच्यासमोर 'ग'चा खण होता आणि हातात एक कार्ड उलटे धरलेले. मला म्हणाली, "काका, हे पाठीमागचे पेन्सिलीचे कुणी लिहिले? आमच्यात टीपेचा एक रकाना असतो, त्यात घालू का? पण मग मागचे दोन खण मी नुसते समोरून भरले, ते पुन्हा काढावे लागतील."

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी मी जातो. पुसट झालेले अक्षर मलाच लागते. मी वाचतो, ती भरते. 'अ' आणि 'क' पुन्हा झाले, 'ग' संपत आला आहे. समितीकडून रद्दीवाल्याला संक्रांतीपर्यंत थांबवून घेतले आहे.