कायद्याचं बोलू या: कोयता कुठवर?

आजऱ्याच्या एक वाचक-भगिनी विचारतात, "आमचे हे मुंबईला असतात. रात्री चोर शिरला आणि मी कोयता मारला, तर खुनी मीच ठरेन का हो?"

ताई, लगेच तसं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी स्वसंरक्षणाचा हक्क कायम आहे. जिवावर, अब्रूवर किंवा ॲसिडचा हल्ला होत असेल, किंवा रात्री कोणी कडी उचकटून घरात शिरलं असेल, तर प्रतिकारात तो मेला तरी गुन्हा होत नाही (कलमे ३८ व ४१). पण मार जरुरीपुरताच! भांडी टाकून तो अंगणापार पळाला, की ही मुभा संपली. मागं धावून पाठीत घाव घालाल तर अडकाल. स्वसंरक्षण होतं हे कोर्टात आपल्यालाच दाखवावं लागतं. म्हणून कोयता धुऊ नका, उचकटलेली कडी तशीच ठेवा, शेजारणीला हाक मारा आणि ११२ लावा.