कॅन्सरचे पूर्ण नाव विचारा

कॅन्सर हा एकच रोग आहे अशी आपल्याकडची समजूत अजून गेलेली नाही. ‘त्यांना कॅन्सर निघाला’ एवढे वाक्य गावभर फिरते. फार तर कुठल्या अवयवाचा, एवढे विचारले जाते. कुठल्या जातीचा, हे नातेवाईक विचारत नाहीत आणि पुष्कळदा आम्ही डॉक्टरही आपण होऊन सांगत नाही. काही कॅन्सरच्या बाबतीत ही हयगय रोग्याला फार महागात पडते. त्यातला एक गट आज घेतला आहे, तो म्हणजे न्यूरोएंडोक्राइन कॅन्सर.

हे नाव सामान्य वाचकाच्या कानावर पडले ते मार्च २०१८ मध्ये. अभिनेते इरफान खान यांनी आपल्याला असा ट्यूमर असल्याचे जाहीर केले आणि ‘न्यूरो’ ऐकून लोकांनी मेंदूचा कॅन्सर ठरवूनही टाकला. न्यूरो म्हणजे दरवेळी मेंदू नव्हे, असे त्यांना स्वतःलाच सांगावे लागले. एप्रिल २०२० मध्ये त्यांचे मुंबईत निधन झाले.

जठर, आतडी, स्वादुपिंड, फुप्फुस अशा ठिकाणी विखुरलेल्या काही पेशी मज्जापेशींसारखे संदेश घेतात आणि ग्रंथींसारखे हार्मोन सोडतात. त्यांच्या गाठी म्हणजे हा रोग. १९०७ मध्ये ओबरनडॉर्फर या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने लहान आतड्यातल्या अशा गाठींना ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कॅन्सरसारखे, असे नाव दिले. त्या निरुपद्रवी आहेत असा त्याचा समज होता. पुढे १९२९ मध्ये त्यानेच त्या पसरूही शकतात हे मांडले, पण नावातला तो ‘सारखा’ वैद्यकाला कितीतरी वर्षे गाफील ठेवत राहिला, असे माझे मत आहे.

या रोगाची खरी अडचण म्हणजे तो दुसऱ्याच रोगाचा वेष घेऊन येतो. लहान आतड्याची गाठ यकृतात पसरली की तिचे हार्मोन रक्तात मोकळे फिरू लागतात. चेहरा एकाएकी लाल व गरम होतो, पातळ जुलाब होतात, छातीत घरघर होते. बाईमाणूस असेल तर ‘पाळी जायचे वय झाले’ म्हणून सांगितले जाते. जुलाबांना संग्रहणी म्हणतात, घरघरीला दमा. तीन तक्रारींसाठी तीन दवाखाने होतात आणि तिन्ही कागद एका टेबलावर कधी येतच नाहीत.

त्याहून वाईट गत होते ती इन्सुलिनोमाच्या रोग्याची. ही स्वादुपिंडातली गाठ बहुधा दोन सेंटिमीटरपेक्षाही लहान असते आणि बहुतेक वेळा ती कॅन्सरची नसतेच. पण ती अवेळी इन्सुलिन सोडते. माणूस पहाटे उठतो तो भ्रमिष्टासारखा. असंबद्ध बोलतो, घामाने भिजतो, कधी फिट येते. चहा-साखर पोटात गेली की थोड्या वेळात शुद्धीवर. वारंवार खावे लागते म्हणून वजनही वाढते, त्यामुळे घरचे म्हणतात, याला काय झालंय? मग फिटच्या गोळ्या, मानसोपचार, आणि आपल्या भागात अंगारे-धुपारे आहेतच. निदानाच्या तीन खुणा साध्या आहेत. साखर कमी झाल्याची लक्षणे, त्याच वेळी रक्तात साखर खरोखरच कमी, आणि साखर दिल्यावर आराम. पुढे रुग्णालयात, देखरेखीखाली, ७२ तासांपर्यंतचा उपवास करवून खात्री करतात. ही गाठ काढली की बहुतेक रोगी कायमचे बरे होतात. साखर मोजायचे यंत्र आता घरोघरी आहे. ते फक्त मधुमेह्यासाठी, असे कोणी ठरवले? विचित्र वागणाऱ्या किंवा फिट आलेल्या माणसाची बोटातली साखर तिथल्या तिथे पाहिलीच पाहिजे. देवऋषाकडे न्यायची गाडी ठरवायला त्याहून जास्त वेळ लागतो.

आता निदानाविषयी थोडे कडू बोलायचे आहे. लहान गावांत अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले की काढलेला तुकडा बरणीत घालून नातेवाइकांना दाखवतात आणि नंतर टाकून देतात. दर हजार अपेंडिक्समागे साधारण तीन ते नऊमध्ये ही न्यूरोएंडोक्राइन गाठ सापडते. एक सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर झालेले ऑपरेशन बहुधा पुरेसे असते. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर आतड्याचा उजवा भाग काढण्याचे दुसरे ऑपरेशन लागते. तुकडा टाकूनच दिला तर हे कळणार कसे? तपासणीचा खर्च ऑपरेशनच्या मानाने किरकोळ असतो. तो वाचवणे ही बचत नव्हे.

आणि रिपोर्ट आला तरी ‘स्वादुपिंडाचा कॅन्सर’ एवढ्यावर थांबू नये. स्वादुपिंडाचा नेहमीचा कॅन्सर आणि न्यूरोएंडोक्राइन कॅन्सर यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नेहमीच्या प्रकारात पसरलेला रोग अनेकांना वर्षही काढू देत नाही. दुसऱ्या प्रकारात रोग पसरूनही वर्षानुवर्षे कामधंदा करणारी माणसे आहेत. अर्थात साऱ्याच गाठी सौम्य नसतात. रिपोर्टात केआय ६७ नावाचा आकडा असतो. किती टक्के पेशी वाढीच्या मार्गावर आहेत ते तो सांगतो. तीनपेक्षा कमी म्हणजे पहिली श्रेणी, तीन ते वीस दुसरी, वीसच्या वर तिसरी. तिसऱ्या श्रेणीतले काही प्रकार अतिशय वेगाने वाढतात, तिथे केमोथेरपीला उशीर चालत नाही. हा आकडा नसेल तर उपचार अंधारातच ठरतो.

उलट, उगाच घाबरूनही जाऊ नये. क्रोमोग्रॅनिन ही रक्ततपासणी परस्पर करून आकडा वाढलेला पाहून काहींची झोप उडते. ॲसिडिटीच्या ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोलसारख्या गोळ्यांनीही तो वाढतो, आणि या गोळ्या आपल्याकडे बडीशेपेसारख्या खाल्ल्या जातात.

गाठ एका जागी असेल तर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय. ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांची स्वादुपिंडातली अशीच गाठ २००३ च्या ऑक्टोबरात सापडली. ऑपरेशन त्यांनी जुलै २००४ पर्यंत लांबवले आणि मधले महिने पथ्य व पर्यायी उपचारांवर घालवले. २०११ मध्ये ते गेले. वेळेवर ऑपरेशनने ते वाचलेच असते असे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण नऊ महिने घालवण्याची चैन कोणालाच परवडत नाही.

पसरलेल्या रोगात महिन्याला एक ऑक्ट्रिओटाइडचे इंजेक्शन पुष्कळांना उपयोगी पडते. त्याने जुलाब आणि लाली आटोक्यात येते, गाठीची वाढही मंदावते. याच औषधाच्या जातीच्या रेणूला किरणोत्सर्गी लुटेशियम जोडून ते शिरेतून देण्याची पद्धत आता रुळली आहे. रेणू गाठीला जाऊन चिकटतो आणि किरण तिथल्या तिथे काम करतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२९ रोग्यांच्या अभ्यासात, वीस महिन्यांनंतर रोग न वाढता राहिलेल्यांचे प्रमाण या उपचाराने सुमारे ६५ टक्के होते, तर नुसत्या इंजेक्शनचा वाढीव डोस घेणाऱ्यांत ११ टक्के. हे लुटेशियम आपल्या तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होत आले आहे आणि परळमध्ये हा उपचार होतो, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

संशोधनाचे घोडे मात्र मोजणीपाशी अडते. अमेरिकेत १९७३ मध्ये लाखामागे सुमारे एक नवा रोगी नोंदला जाई, २०१२ मध्ये जवळजवळ सात. रोग तेवढा वाढला असे नव्हे, तो ओळखला जाऊ लागला हे त्याचे मोठे कारण. आपल्याकडेही सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ मध्ये ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली आणि खेड्यातली नोंद नीट होऊ शकते हे तिने दाखवून दिले. पण नोंदणी झाली तरी वहीत जे रिपोर्टात आहे तेच उतरणार. टाकून दिलेले अपेंडिक्स आणि नुसता ‘कॅन्सर’ लिहिलेला कागद यांतून संशोधन होत नाही.

ज्यांच्या घरी अशी गाठ निघाली आहे त्यांनी प्रयोगशाळेतून मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या मागून घ्याव्यात. मोठ्या रुग्णालयात दुसरे मत घेताना नुसता कागद पुरत नाही, त्या ठोकळ्यावरच नव्याने तपासणी होते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातले कोणते उपचार बसतात याची चौकशी योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे दाखल होण्यापूर्वीच करावी. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि आधीच्या सगळ्या दवाखान्यांचे कागद, अगदी दम्याचे आणि जुलाबाचेसुद्धा, एकाच पिशवीत न्यावेत.